दुसरे टोले

रोकासेरचं घड्याळ प्रत्येक तास दोनदा सांगतं.
एकदा सांगून होतं,
मग दोन मिनिटं गप्प,
मग तेवढेच टोले पुन्हा.
उतारावर चेस्टनट वेचणाऱ्याची मोजणी
चौथ्या-पाचव्याला चुकली असेल, तर त्याच्यासाठी.

मी ग्रामसभेची कारकून. माझ्या वहीत नोंद आहे :
विषय तिसरा, घड्याळ.
जुनी गिरणी विकत घेतलेलं ब्रसेल्सचं जोडपं,
माणसं सभ्य, नमस्कार चुकवत नाहीत,
त्यांचा अर्ज, की झोपमोड होते,
आणि एकदा कळलेलं पुन्हा कशाला?
खरं तर मुद्दा बिनतोड होता.
महापौरबाईंनी चष्मा पुसला.

मग एली माझेल उभा राहिला.
ऐंशी पार, कोटाला लाकडाच्या धुराचा वास.
म्हणाला, आमच्याकडे रेशीमकिडे होते तेव्हा
बायका अंडी कापडी पुरचुंडीत बांधून
छातीशी धरून उबवायच्या.
दहा दिवस कुणी धावायचं नाही,
भांडण आलंच तर हळू आवाजात.
किडे निघाले की रात्रंदिवस खायचे,
माळ्यावर तुतीच्या पानांचा आवाज,
कुणी कोरं कापड फाडत बसल्यासारखा.
रात्री दोनचा पाला आईकडे.
पहिल्या टोल्यांना ती कूस बदलायची,
दुसऱ्यांना उठायची.

कुणीतरी हसलं. एली हसला नाही.
म्हणाला, हे नव्हतं सांगायचं.

शाळेत घरची बोली बोललं की
गळ्यात लाकडी बिल्ला.
तो उतरवायचा एकच उपाय,
दुसऱ्या कुणाच्या तोंडून बोली निघाली की
त्याच्या गळ्यात घालायचा.
चार वाजता ज्याच्या गळ्यात तो असेल
त्याला छड्या, आणि अंगण झाडणं.
मास्तर पॅरिसकडचे, पण न्यायी,
दुसरे टोले संपेपर्यंत थांबायचे.

एकदा चार वाजले
आणि बिल्ला माझ्या बापाच्या गळ्यात.
दोन मिनिटं हातात.
त्यानं कुंपणाचा दगड उचलला
आणि थोरल्या भावाच्या पायावर टाकला.
जेरेमी कळवळून ओरडला. फ्रेंचमध्ये नाही.
दुखणं कुठल्या भाषेत येतं ते सगळ्यांना माहीत आहे.
बापानं बिल्ला काढून त्याच्या गळ्यात घातला,
आणि मग दुसरे टोले पडले.

जेरेमीचं नाव चौकातल्या दगडावर आहे,
वरून सहावं, एकोणीसशे पंधरा.
पाय थोडा अधू होता,
पण सैन्याच्या डॉक्टरला तेवढं चाललं.
बाप आमच्याशी आयुष्यभर फ्रेंचच बोलला.
फक्त चारला हातातली कुदळ खाली ठेवायचा
आणि दुसरे टोले होईपर्यंत
ओठ हलवत उभा राहायचा.
आम्हाला वाटायचं, प्रार्थना.

ब्रसेल्सच्या बाईंनी विचारलं,
ते काय ओरडले होते?
एलीनं तोंड उघडलं, मिटलं.
टोपीची कड दोनदा फिरवली.
‘पाउरे दे येउ,’ म्हणाला.
म्हणजे, अरे देवा, मी गरीब.
म्हणजे तसंही नाही नेमकं.

ठराव असा झाला, मीच लिहिला :
रात्री दहा ते सहा पहिले टोले बंद,
दुसरे चालू.
आठवड्यानं आलेसहून कारागीर आला,
मनोऱ्यावर दीड तास होता,
जाळीतून कबुतराचं घरटं घेऊन उतरला
आणि म्हणाला, बाई, हे यंत्र
पहिल्याशिवाय दुसरं वाजवूच शकत नाही.
येण्याचे पैसे मात्र घेतले.

विषय पुढच्या सभेवर ढकलला.
त्याला चार वर्षं झाली.
एली गेल्या फेब्रुवारीत गेला,
त्यांच्या रिवाजाप्रमाणे स्वतःच्याच वाफ्यात,
दोन सायप्रसखाली पुरला,
कारण एके काळी या पंथाच्या लोकांना
दफनभूमीत जागा नव्हती,
आणि सवय राहते.
गिरणीवाल्या बाई आल्या होत्या.
येताना त्यांनी सुपातून चेस्टनट आणले,
कुठं ठेवायचे ते त्यांना कळेना,
म्हणून हातातच धरून उभ्या राहिल्या.
तेवढ्यात चार वाजले.
मी निघाले होते. त्या म्हणाल्या,
थांबा ना, अजून व्हायचेत.